अंगण उकरले कोणी?



पाऊस ओसरू लागला, की आपल्या रत्नागिरीकडे घरोघरी एकच लगबग सुरू होते. चार महिन्यांच्या पावसाने धुपलेल्या अंगणात नवी माती घालायची, चोपून घट्ट करायची, वर शेणाने सारवायची. ज्यांच्या बंगल्यांपुढे अंगणाच्या जागी आता हिरवळ आली आहे, त्यांनाही गवत कापायची, आळी सारखी करायची घाई असते. आणि नेमक्या याच दिवसांत सकाळी रांगोळी घालायला म्हणून दार उघडावे, तो काय! काल सारवलेल्या अंगणात भुसभुशीत लाल मातीचे दोन-चार ताजे ढीग. कडेची हळदीची रोपे आडवी झालेली. अळवाचे कांदे अर्धवट कुरतडून टाकलेले.

या वेळी आलेल्या पत्रांत नाचण्याच्या एका भगिनीचे पत्र आहे. त्या लिहितात, "अंगणात रोज मातीचे ढीग निघतात. रात्री स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेने चिचुंद्री पळताना दिसते, म्हणजे उकरणारी तीच असणार. ह्यांनी बाजारातून उंदराचे औषध आणून फडताळात ठेवले आहे. सासूबाई म्हणतात, चिचुंद्रीला मारायचे नाही, ती लक्ष्मी आहे. घरात आठ महिन्यांचे मूल रांगते आहे. मी कोणाचे ऐकू?"

बाई, आधी एक काम करा. हे पान बाजूला ठेवा, ते औषध फडताळातून काढा आणि कुलपात ठेवा. मग पुढचे वाचायला घ्या. चिचुंद्रीच्या बाबतीत ऐकायचे ते सासूबाईंचे. त्या लक्ष्मी म्हणतात म्हणून तर ऐकाच, पण दुसरेही कारण आहे. तुमचे अंगण चिचुंद्रीने उकरलेलेच नाही. करणारी वेगळी आणि बदनाम होणारी वेगळी, असा हा प्रकार आहे.

शब्दकोशाने केलेला घोटाळा

हा घोटाळा नुसत्या आपल्या घरातला नाही, तो पुस्तकांतही आहे. मी सकाळचे काही तास शाळेत शिकवायला जाते. इंग्रजीच्या धड्यात 'मोल' हा प्राणी आला, की मुले शब्दकोश उघडतात, आणि तिथे पुष्कळदा अर्थ दिलेला असतो 'चिचुंद्री'. मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "बाई, चिचुंद्री तर मोरीतून येते. ती जमिनीखाली कुठे राहते?" त्याचे बरोबर असते.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते. तिने मध्यंतरी फोनवर फोटो पाठवला होता. घरापुढच्या हिरवळीवर मातीच्या ढिगांची ओळ, जशी कोणी मुद्दाम टोपल्या ओतत गेल्यासारखी. ते काम खऱ्या मोलचे. हा प्राणी मुठीएवढा, अंगावर मखमलीसारखी दाट लव. ती लव पुढे-मागे कुठेही वळते, म्हणून अरुंद बोगद्यात त्याला उलट जातानाही अडचण होत नाही. डोळे टिचभर, जवळजवळ निकामी. पुढचे पंजे मात्र खोऱ्यासारखे रुंद आणि बाहेर वळलेले. तो गवताची मुळे खात नाही. गांडुळे आणि मातीतल्या अळ्या शोधत तो बोगदे खणत जातो आणि निघालेली माती वर ढकलतो. सगळा जन्म एकट्याने काढतो. नर-मादी एकत्र येतात ती फक्त हिवाळा सरताना. वर्षातून एकदाच तीन ते पाच पिल्ले होतात, आणि महिना-दीड महिन्याने ती आईपासून वेगळी होऊन आपापला बोगदा धरतात. आयुष्य साधारण तीन वर्षांचे. म्हणजे तिकडच्या बाईच्या हिरवळीवर दहा ढीग दिसले, तरी खाली बहुधा एकच प्राणी असतो.

हा मोल आपल्याकडे नाही. भारतात तो सापडतो पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी आणि आसाम-मेघालयाच्या डोंगरांत. सह्याद्रीत नाही, कोकणात नाही. तेव्हा रत्नागिरीत मातीचा ढीग दिसला तर मोलचे नाव घ्यायलाच नको.

मग शब्दकोशाने चिचुंद्री का म्हटले? तर ही दोघे एकमेकांची नातलग आहेत, म्हणून. दोघांचेही लांबट हलणारे नाक, बारीक डोळे, टोकदार दात, आणि खाणे किड्यांचे. उंदराशी मात्र दोघांचेही नाते नाही. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडून ते झिजवावे लागतात. चिचुंद्रीचे दात तसे नाहीत. तिला लाकूड कुरतडता येत नाही, सुरण पोखरता येत नाही, की साडीला भोक पाडता येत नाही.

चिचुंद्रीचा संसार

1766 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या चिचुंद्रीला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यानेही नावात 'उंदरासारखी' असे म्हटले, पण गट मात्र चिचुंद्र्यांचाच धरला. इंग्रजांनी तर तिला सरळ 'मस्क-रॅट' करून टाकले. मुंबईत 1865 साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक' (1894) मध्ये मुंगसाच्या गोष्टीत जो 'चुचुंद्रा' आहे, तो हाच प्राणी. भिंत सोडून खोलीच्या मध्यभागी यायचे धाडस त्याला होत नाही, हे किपलिंगने बरोबर टिपले आहे. चिचुंद्रीला दिसते अगदी कमी. ती मिशांनी आणि नाकाने भिंत चाचपत धावते. आपल्या अंगावर धावून आली असे आपल्याला वाटते, पण बिचारी भिंत शोधत असते.

धावताना ती चिट्-चिट् असा किणकिणता आवाज करते. चीनमध्ये हा आवाज नाण्यांच्या खुळखुळीसारखा वाटला, म्हणून तिथे तिला 'पैशाचा उंदीर' म्हणतात. आमच्या सासूबाईंच्या पिढीने तिला लक्ष्मी म्हटले आणि हजारो मैलांवरच्या बायकांनी पैसा म्हटले. आहे की नाही गंमत?

तिच्या अंगाला जो उग्र वास येतो, तो तिच्या दोन्ही कुशींतल्या ग्रंथींचा. हेच तिचे संरक्षण. मांजर तिला पकडते, मारतेही, पण तोंड वेडेवाकडे करून टाकून देते.

तिच्या पोटात दिवस राहतात साधारण तीस. चिंध्या, कागद, पालापाचोळा गोळा करून अडगळीत ती घरटे करते. एका वेळी पिल्ले फार तर दोन-चार, कधी थोडी जास्त. जन्मतः उघडी आणि आंधळी. आठवड्याभराची झाली, की एक पाहण्यासारखा प्रकार घडतो. घरटे हलवायचे असले, की पहिले पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने पकडते, दुसरे पहिल्याला पकडते, तिसरे दुसऱ्याला, आणि आगगाडीच्या डब्यांसारखी ती मालिका भिंतीच्या कडेने निघते. अंधारात कोणी चुकू नये, म्हणून ही युक्ती. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांनी पुन्हा चिचुंद्रीवर झाडू उगारला नाही, असा माझा अनुभव आहे. तीन आठवड्यांच्या आत दूध तुटते, दीड-दोन महिन्यांत पिल्ले वयात येतात, आणि एक-दोन वर्षांत आयुष्य संपते.

इतक्या लहान जिवाला भूक मात्र फार. तिच्या अंगातला जाळ सतत धगधगता, त्यामुळे दिवस-रात्र थोड्या थोड्या वेळाने खावे लागते, फार वेळ उपास झेपत नाही. आणि खाते काय? झुरळे, नाकतोडे, अळ्या, गांडुळे, कोळी, कधी उंदराची लहान पिल्लेसुद्धा. मोरीतले खरकटेही तोंडात घालते, ते खरे. पण ज्या घरात ती फिरते, त्या घरातल्या झुरळांचा हिशेब ती रात्रीच्या रात्री चुकता करत असते, आणि त्याचे बिल येत नाही.

एवढे कौतुक केले, म्हणून तिला हाताळू मात्र नका. तिच्या अंगावर पिसवा असतात आणि तीही रोगाचे जंतू बाळगू शकते. रात्री अन्न झाकून ठेवा, मोरीच्या भोकाला जाळी बसवा, दार उघडून कडेने झाडूने वाट दाखवा. आपण होऊन जाते.

खरी करणारी घूस

आता तुमच्या अंगणाकडे वळू. तो ढीग घुशीचा आहे. इंग्रजीत घुशीला 'बॅन्डिकूट' म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून, म्हणजे डुक्कर-उंदीर, आलेला आहे. नाव अगदी सार्थ. अडवली, की अंगावरचे राठ केस फिस्कारते आणि डुकरासारखी घुरघुरते. मोठी घूस अर्धा-पाऊण किलोची, कधी किलोच्या वरही. शेतातली लहान घूस तिच्याहून कमी वजनाची, पण उकरण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

घुशीचे बीळ म्हणजे एक घरच असते, बरे का. आत काही मीटर लांबीचे बोगदे. एक खोली पिल्लांची, एक कोठीची, आणि एक चोरवाट, जिच्या तोंडावर मातीचा पातळ थर ठेवलेला असतो. संकट आले, की तो फोडून पसार. भातशेतीच्या भागात या कोठीतून लोंब्यांसकट धान्य निघते, तेही किलोच्या मापात. ही बिळे खणून धान्य आणि उंदीर दोन्ही काढण्याची विद्या आपल्याकडच्या कातकरी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. आत असली, की घूस पुष्कळदा तोंड मातीने बुजवून घेते. त्यामुळे आपल्याला भोक दिसत नाही, नुसता ढीग दिसतो, आणि तेवढ्यावरून मोलचा संशय येतो.

पाऊस ओसरतानाच ढीग का वाढतात, तेही सांगते. पावसात बिळांत पाणी शिरते, म्हणून घुशी उंचवट्याकडे, जोत्याकडे, गडग्याकडे सरकतात. पुढे भात कापले, की शेतातला खाऊ संपतो आणि त्या वस्तीकडे येतात. त्यातून आपण नेमकी तेव्हाच अंगणाला ताजी, भुसभुशीत माती घालतो. त्यांच्या दृष्टीने ते आमंत्रणच की!

आणि आता तिचा संसार ऐका. मोलला वर्षातून एक बाळंतपण, हे ध्यानात आहे ना? घुशीच्या पोटात दिवस जेमतेम तीन आठवडे किंवा थोडे वर. एका वेळी सहा-आठ पिल्ले हे नेहमीचेच, कधी त्याहून जास्त. खायला मिळाले, तर बारा महिने वीण चालू. पिल्ले अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचे दूध महिन्याभरात तुटते आणि तीनएक महिन्यांत तीही आई-बाप होण्याच्या वयात येतात.

आपण घरातल्या वाणसामानाचा करतो तसा हिशेब करू. एका घुशीला सहा पिल्ले झाली, त्यांतल्या तीन माद्या. तीन-चार महिन्यांनी त्या तिघींना सहा-सहा धरली, तर अठरा. त्याच काळात पहिल्या आईची आणखी दोन बाळंतपणे, म्हणजे बारा. गणपतीत एक जोडी होती, ती संक्रांतीपर्यंत कुठे गेली पाहा. सगळी जगत नाहीत हे खरे. साप, घुबड, मुंगूस आपला वाटा घेतात आणि अपुऱ्या खाण्यानेही मरतात. पण ज्या परसात खाणे भरपूर आहे, तिथे जास्त जगतात. या सगळ्या पत्राचे सार हेच आहे. घूस किती आहेत, हे आपण मारतो किती यावर ठरत नाही, आपण वाढतो किती यावर ठरते. ताटात वाढतो ते वाढणे, बरे का!

मुंबई महापालिकेचे कर्मचारी रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारायला निघत. एका रात्री तीस उंदीर असा त्यांना नेम ठरवून दिलेला असे. वर्षानुवर्षे हे काम चालले, तरी मुंबईतले उंदीर संपले नाहीत, कारण कचऱ्याचे ढीग जागच्या जागी होते. आपल्या परसाचेही तेच.

आधी ओळख पटवा

उपाय करण्याआधी कोण आहे हे नक्की करा. मुठीएवढे भोक, बाहेर ताज्या मातीचा ढीग, कुरतडलेले कंद, बोटाच्या पेराएवढ्या लेंड्या, ही घूस. ढीग नाही, भोक नाही, नुसता उग्र वास आणि भिंतीच्या कोपऱ्यात मऊसर, घाण वासाची बारीक विष्ठा, ही चिचुंद्री. पाणथळ जागी चिखलाच्या गोळ्यांची रास आणि गोल भोक असेल, तर ती बहुधा कुर्ली. तिला सोडून द्या. माडावर चढून कोवळे नारळ पाडणारा उंदीर आणखी वेगळा. त्याला माडाच्या खोडाभोवती पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकतात, म्हणजे नखे रुतत नाहीत. मात्र शेजारच्या झाडाची फांदी माडाला टेकलेली नको, नाहीतर पट्टा व्यर्थ.

घूस आहे हे ठरले, की संध्याकाळी सगळी भोके मातीने बुजवा आणि वर हलके थापटा. सकाळी जी उघडलेली असतील, ती नांदती. बाकीच्यांवर श्रम नकोत. बिळात हात मात्र कदापि घालू नका. घुशीने सोडलेल्या बिळात साप वस्तीला येतात, आणि आपल्या जांभ्याच्या गडग्यांत फुरसे असते हे रत्नागिरीच्या बायकांना मी काय सांगायचे!

मग वाढणे बंद करा

पहिले, खरकटे. परसात माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात खरकटे टाकायची आपली जुनी सवय आहे. माडाला खत होते म्हणून टाकतो, ठीक. पण मग ते वीतभर खोल पुरा. उघडे टाकलेले खरकटे रात्री घुशीचे जेवण होते. कोंबड्यांचे दाणे, मांजराचा भात, कुत्र्याचे ताट, सगळे दिवेलागणीला आत घ्या. उन्हाळ्यात पडलेले आंबे, फणसाचे गरे आणि आठळा रोजच्या रोज उचला.

दुसरे, आसरा. झावळ्या, करवंट्या, सोडणे, उरलेले चिरे यांची रास भिंतीला टेकून वर्षभर पडलेली असते. तिच्याखालीच घुशीचे माहेर. पावसाच्या बेगमीची लाकडे जमिनीपासून हात-दीडहात उंच मांडावर रचा आणि भिंतीपासून थोडी सुटी ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरवता येईल. अशी उघडी, उजेडाची जागा तिला आवडत नाही.

तिसरे, वाटा. मोरी, न्हाणी, सांडपाण्याच्या नळाभोवतीच्या फटी पाहा. जांभ्याच्या कपच्या आणि सिमेंट एकत्र करून भोके बुजवा. नुसत्या मातीला ती विचारीत नाही. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी हवी, तिची भोके अर्ध्या इंचाहून लहान. बारीक उंदीरही रोखायचे असतील, तर पाव इंचाची.

चौथे, पिंजरा. मोठा, मजबूत पिंजरा घ्या. उंदराचा नेहमीचा लहान पिंजरा घुशीला पुरत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उंदीर-घुशींना ओकता येत नाही. पोटात गेले ते गेले. म्हणून त्या भारी संशयी असतात. नवी वस्तू दिसली, की काही दिवस लांब राहतात, नवे खाणे चिमूटभर चाखतात, आणि अंगाला लागले, तर पुन्हा शिवत नाहीत. तेव्हा पहिले तीन-चार दिवस पिंजरा दार बांधून उघडाच ठेवा, आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. बिनधास्त खाऊ लागली, की मग दार मोकळे करा. आमिषाला सुका बोंबील लावायचा मोह होतो, पण त्याच्या वासाने चिचुंद्रीही येते. सापडलीच, तर परसात नेऊन सोडा. (गंमत म्हणजे चिचुंद्रीला ओकता येते. म्हणून गाडी लागण्यावरच्या औषधांच्या अभ्यासासाठी जपानी शास्त्रज्ञांनी उंदराऐवजी तिलाच निवडले.)

चिकट पुठ्ठे मात्र आणू नका. त्यावर घूस क्वचित सापडते. पाली, चिमण्या आणि चिचुंद्र्या तडफडत मरतात, आणि तो तडफडाट पाहायची पाळी घरच्या बाईवरच येते. बिळात डांबराच्या गोळ्या टाकणे, मिरचीची धुरी देणे यांचाही उपयोग नाही. चोरवाटेने ती निघून जाते, ठसका आपल्यालाच लागतो.

ते औषध

आता फडताळातल्या औषधाबद्दल. 'उंदराचे औषध' हा शब्दच फसवा आहे. ते विष आहे. राखाडी-काळी भुकटी असेल, तर ती बहुधा झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो, आणि तिच्यावर उतारा नाही. ट्यूबमधला मलम असेल, तर तो बहुधा पिवळ्या फॉस्फरसचा. तो जास्त कपटी. पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग यकृत निकामी होऊ लागते. दिसायला दाताच्या पेस्टसारखा, आणि लावायचा पावाला किंवा टोमॅटोला. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला पहिले काय लागेल, ते तुम्हीच सांगा. लहानांचेच नाही, घरात कोणी मनाने खचलेले असले, तरी ही वस्तू हाताशी नको.

विष घातलेली घूस कुठेतरी फटीत मरते आणि आठ दिवस घर वासाने भरते. अर्धमेली घूस खाऊन मांजर किंवा घुबड मरू शकते, म्हणजे आपली फुकटची राखण गेली. आणि दोन-तीन महिन्यांत रिकाम्या बिळात शेजारची घूस येऊन बसते, कारण खरकटे तिथेच असते.

उपद्रव फारच झाला, बागेचे नुकसान सोसवेना, तर स्वतः विष हाताळण्याऐवजी तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. दापोलीला 1972 पासून आपल्या कोकणाचे कृषी विद्यापीठ आहे, भाट्याला नारळाचे संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणची माणसे जाणकार असतात. विष घालायचेच ठरले, तर ते फक्त नांदत्या बिळात खोलवर घालून तोंड बुजवायचे. घरात, माळ्यावर, ओट्याखाली कधीच नाही. आणि कोणाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी मूल खेळते-हसते आहे म्हणून थांबू नका. घरगुती काही पाजत बसू नका. वेष्टन हातात घ्या आणि थेट इस्पितळ गाठा.

चिखलातला ताप

घुशीचा खरा धोका हळदीच्या कांद्यांपुरता नाही. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात. पायाला भेग, चीर, खरचटलेले असले, की तिथून शरीरात शिरतात. यालाच आपल्याकडे 'लेप्टो' म्हणतात. अडोल्फ वाईल या जर्मन डॉक्टरने 1886 साली या दुखण्याच्या कावीळ होणाऱ्या रूपाचे वर्णन केले. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर याची साथ आली, ती अनेकींना आठवत असेल. कोकणात भातलावणीपासून पावसाच्या अखेरीपर्यंत याचे भय असते.

आपल्या टाचांच्या भेगा म्हणजे त्याला उघडे दारच. परसात ओल्यात काम करताना गमबूट घाला. पायाला जखम असेल, तर चिखलात उतरू नका. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा. घुशीचा ढीग उपसताना हातात रबरी मोजे हवेत, मेलेली घूस उचलतानाही. पिण्याचे पाणी झाकलेले असू द्या. आणि चिखलात काम केल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी-ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले, तर काढा पिऊन अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "मी ओल्या मातीत काम केले होते." वेळेवर साधी औषधे मिळाली, तर हा ताप बरा होतो. उशीर झाला, तर मूत्रपिंडांवर, यकृतावर जातो. आपण बायका दुखणे अंगावर काढण्यात पटाईत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तेव्हा नाचण्याच्या भगिनींना सांगायचे ते इतकेच. चिचुंद्रीला तिच्या वाटेने जाऊ द्या, रात्री झाकणे नीट ठेवा. आज संध्याकाळी अंगणातली भोके बुजवा आणि उद्या मोजा. येत्या रविवारी ह्यांना हाताशी घेऊन झावळ्यांची रास उपसा. औषध आणायला त्यांना वेळ मिळाला होता, राशीलाही मिळेल. खरकट्याला खड्डा करा. एवढे महिनाभर नेमाने करून पुन्हा भोके मोजा आणि किती उरली ते मला कळवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.